४७ आणि १७ : बोताफोगोचा २०२३चा हंगाम

ब्राझीलच्या अव्वल लीगमध्ये वीस संघ असतात आणि प्रत्येकाला ३८ सामने खेळावे लागतात. पहिल्या फेरीत १९, मग परतीच्या फेरीत त्याच १९ संघांशी पुन्हा, मैदानं उलटी करून. बाद फेरी नाही, अंतिम सामना नाही. डिसेंबरात ज्याचे गुण जास्त, तो विजेता. २०२३ साली रिओ द जानेरोच्या बोताफोगोने पहिल्या फेरीत ५७ पैकी ४७ गुण कमावले. परतीच्या फेरीत त्याच क्लबने, जवळपास त्याच खेळाडूंना घेऊन, ५७ पैकी १७ कमावले. विजेतेपद हातात आल्यासारखा वागवला गेलेला संघ शेवटी पाचवा आला.

या हंगामाबद्दल ब्राझीलमध्ये आणि बाहेरही साधारण एकच गोष्ट सांगितली जाते : दडपणाखाली कोसळले. रिओत तर जुनं बोलणंच आहे, की काही गोष्टी फक्त बोताफोगोच्याच बाबतीत घडतात. मला हे पटत नाही. दडपण होतंच, पण ते शेवटी आलं. घसरण त्याच्या दोन महिने आधी सुरू झाली होती आणि तिचं मूळ मैदानाच्या कडेला उभ्या राहणाऱ्या माणसात, म्हणजे प्रशिक्षकात, शोधावं लागतं. निकाल ओळीने मांडले की ते दिसतं.

क्लब आणि मालक

गारिंचा, दिदी, निल्टन सांतोस, जैर्झिन्यो ही नावं ज्या क्लबशी जोडलेली आहेत, तो हा क्लब. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा पोशाख आणि छातीवर एकच तारा. पण हे वैभव जुनं. २०२३पर्यंत लीगचं शेवटचं विजेतेपद १९९५चं, तुलिओच्या गोलांवर मिळवलेलं. त्यानंतर २००२, २०१४ आणि २०२० अशा तीन हंगामांत क्लब खालच्या दर्जात ढकलला गेला, डोक्यावर कर्जाचा डोंगर साचला. २०२१ साली दुसऱ्या दर्जाची लीग जिंकून ते वर आले. त्याच वर्षी ब्राझीलमध्ये कायदा झाला आणि सभासदांच्या मालकीच्या क्लबांना आपला फुटबॉल विभाग कंपनी करून विकायची वाट मोकळी झाली. २०२२मध्ये जॉन टेक्स्टर या अमेरिकी उद्योजकाने बोताफोगोच्या या कंपनीचा ९० टक्के हिस्सा घेतला. फ्रान्सचा लियों, बेल्जियमचा मोलेनबेक, इंग्लंडच्या क्रिस्टल पॅलेसमधला हिस्सा आणि रिओतला बोताफोगो, असा त्याचा पसारा झाला.

टेक्स्टरने पोर्तुगीज प्रशिक्षक लुईस कास्त्रो यांना आणलं. २०२३च्या सुरुवातीला रिओच्या राज्य स्पर्धेत संघ फिका पडला तेव्हा चाहते त्यांच्यावर चिडले होते. मालकाने त्यांना काढलं नाही. या प्रकरणातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा निर्णय तोच आहे, आणि तो बरोबर होता.

पहिले बारा सामने

कास्त्रोंच्या संघाला चेंडू स्वतःकडे ठेवायचा हव्यास नव्हता. आद्रिएल्सन आणि अर्जेंटिनाचा व्हिक्टर क्वेस्ता ही बचावातली जोडी आपल्या गोलजवळ घट्ट उभी राहायची, मागे गोलरक्षक लुकास पेरी. चेंडू मिळाला की तो सरळ पुढे, टिकिन्यो सोआरेसकडे. टिकिन्यो वेगवान नव्हता, पण पाठीवर बचावपटू घेऊन चेंडू धरून ठेवण्यात त्याचा हात धरणारा त्या वर्षी लीगमध्ये कुणी नव्हता. तेवढ्या अवधीत ज्युनिओर सांतोस आणि व्हिक्टर सा दोन्ही कडांनी धावत सुटायचे. साधा आराखडा, पण अकराही जणांना आपापलं काम पाठ होतं. संघाचा खेळ बसला आहे असं आपण म्हणतो ते यालाच.

एप्रिलच्या अखेरीस फ्लामेंगोला माराकानावर ३-२ हरवलं. २५ जूनला साओ पावलोत, गतविजेत्या पाल्मेइरासला त्यांच्याच मैदानावर १-० हरवलं, गोल टिकिन्योचा. बारा सामन्यांत दहा विजय, दोन पराभव, ३६ पैकी ३० गुण.

पाच दिवसांनी कास्त्रो गेले. सौदी अरेबियाच्या अल नासरने, म्हणजे रोनाल्डोच्या क्लबने, त्यांना नेलं. लीगचा एक तृतीयांशही भाग झाला नव्हता.

पाच माणसं, एक संघ

सहायक क्लॉदिओ कसापा यांनी काही दिवस सूत्रं सांभाळली. त्यांनी काहीही बदललं नाही. वास्को द गामा २-०, ग्रेमिओ त्यांच्याच गावात २-०. मग ब्रुनो लाज आले, तेही पोर्तुगीज, बेन्फिकाला विजेतेपद मिळवून दिलेले. कास्त्रो गेल्यानंतरच्या सात सामन्यांत पाच विजय आणि दोन बरोबरी, २१ पैकी १७ गुण. पहिली फेरी संपली तेव्हा घरच्या मैदानावरचे नऊच्या नऊ सामने बोताफोगोने जिंकले होते. प्रशिक्षक बदलला तरी फरक पडत नाही, असं क्लबमध्ये कुणालाही वाटलं असतं.

धरण भरलेलं असलं, की पाऊस थांबल्याचं शहराला उशिरा कळतं. इथे तसंच झालं. ऑगस्टमध्ये टिकिन्योचा गुडघा दुखावला आणि तो काही आठवडे बाहेर बसला. परतीच्या फेरीतले पहिले सहा सामने बघा : साओ पावलोशी ०-० बरोबरी, बाहियावर ३-० विजय, मग फ्लामेंगोकडून १-२, अ‍ॅटलेटिको मिनेरोकडून ०-१, कोरिंथियन्सकडून ०-१ असे तीन सलग पराभव, मग गोयासशी १-१. १८ पैकी ५ गुण. विजेत्याचं हे खातं नव्हे, मधल्या फळीतल्या संघाचंही नव्हे. पण आघाडी इतकी मोठी होती, की पाच गुण मिळवूनही पहिला क्रमांक हलला नाही.

२ सप्टेंबरला फ्लामेंगोशी घरच्या मैदानावर हरल्यावर लाज पत्रकार परिषदेत बसले आणि आपलं पद व्यवस्थापनाच्या हवाली करत असल्याचं बोलून गेले. पहिल्या स्थानावरच्या संघाचा प्रशिक्षक चारचौघांत असं बोलतो, तेव्हा ड्रेसिंग रूममध्ये काय पोचतं याचा विचार त्यांनी करायला हवा होता. खेळाडूंच्या मनात शंकेचं पहिलं बीज त्या दिवशी पडलं असं मला वाटतं. महिन्याभराने गोयासविरुद्ध त्यांनी टिकिन्योला बाकावर बसवून दिएगो कोस्ताला उतरवलं. सामना बरोबरीत सुटला, प्रेक्षक खवळले आणि दुसऱ्या दिवशी, ३ ऑक्टोबरला, लाज यांची रवानगी झाली.

आता सूत्रं लुसिओ फ्लाव्हिओंकडे. क्लबचे माजी खेळाडू, भला माणूस, पण एवढ्या मोठ्या संघाचा अनुभव नसलेला. त्यांनी फ्लुमिनेन्सेला २-० आणि अमेरिका मिनेरोला २-१ हरवून सुरुवात केली. त्या वेळी बोताफोगोचे २७ सामन्यांत ५८ गुण होते. त्यानंतर संपूर्ण हंगामात एकही विजय मिळाला नाही. अकरा सामने, सहा बरोबरी, पाच पराभव.

अथलेटिको परानाएन्सेविरुद्ध तर स्टेडियमचे दिवेच गेले आणि उरलेला सामना दुसऱ्या दिवशी खेळवावा लागला, निकाल १-१. मग कुइआबाकडून घरी ०-१. आणि मग पाल्मेइरास.

१ नोव्हेंबर

हा पाल्मेइरास संघ कुठून आला होता, ते आधी सांगायला हवं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला ते कोपा लिबर्टाडोरेसच्या, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेच्या, उपांत्य फेरीत बोका ज्युनियर्सकडून पेनल्टीवर बाहेर पडले होते. त्यांचा हुकमी आघाडीपटू दुदू गुडघा मोडून वर्षभरासाठी गेला होता. लीगमध्ये ते लागोपाठ हरत होते आणि बोताफोगोपेक्षा १४ गुणांनी मागे पडले होते. पण त्यांचे प्रशिक्षक आबेल फेरेरा २०२०पासून तिथेच होते, आणि तिथेच राहिले. त्यांनी बचावात तीन माणसं उभी करून संघाची रचना बदलली आणि १७ वर्षांच्या एन्ड्रिकला, ज्याचा रिआल माद्रिदशी करार आधीच झाला होता, पहिल्या अकरात आणलं. तीन सामने जिंकून ते रिओत उतरले, त्यात साओ पावलोवरचा ५-० हा विजय. फरक आता सहा गुणांचा होता, आणि बोताफोगोच्या हातात एक सामना जास्त होता.

पूर्वार्धात बोताफोगो जूनमधल्यासारखं खेळलं. एदुआर्दो, चे चे, ज्युनिओर सांतोस. ३६व्या मिनिटाला ३-०. निल्टन सांतोस स्टेडियममध्ये लोक उघड उघड विजेतेपदाची गाणी म्हणत होते, आणि त्यांना दोष द्यावासा वाटत नाही. २८ वर्षं वाट पाहिली होती त्यांनी.

उत्तरार्ध सुरू होताच एन्ड्रिकने बचावफळीतून वाट काढत गोल केला, ३-१. तरीही दोन गोलांची आघाडी होती. ७६व्या मिनिटाला आद्रिएल्सनला लाल कार्ड मिळालं. पंचांनी व्हिडिओ बघून दिलेलं. दहा जणांच्या बोताफोगोला काही मिनिटांत पेनल्टी मिळाली. टिकिन्यो मारायला गेला. गोल झाला असता तर ४-१, खेळ खल्लास. पाल्मेइरासच्या गोलरक्षकाने, वेव्हर्टनने, ती अडवली. लगोलग ८४व्या मिनिटाला एन्ड्रिकचा दुसरा गोल. ८९व्या मिनिटाला फ्लाको लोपेसचा बरोबरीचा. भरपाई वेळेच्या नवव्या मिनिटाला बचावपटू मुरिलो पुढे आला आणि ४-३. आपल्याकडे तेव्हा गुरुवारची सकाळ होती. तो शेवटचा अर्धा तास मी नंतर पुष्कळदा पाहिला आहे, आणि दर वेळी एकाच गोष्टीपाशी थांबतो.

लाल कार्डानंतर बोताफोगोला काय करायचं ते माहीतच नव्हतं. मागे बसायचं की चेंडू धरून वेळ काढायचा, पेनल्टी हुकल्यावर रचना कशी लावायची, यापैकी कशाचंही ठरलेलं उत्तर मैदानावर दिसत नाही. तीन बचावपटू गोलच्या तोंडाशी, दोघं पुढे दाबायला धावतायत, मधे मोकळं रान. कास्त्रोंच्या संघात माणूस कमी झाला तर कोण कुठे सरकणार हे शिकवलेलं असायचं. पण कसापांनंतर दोन वेगवेगळ्या माणसांनी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या होत्या, आणि गोंगाटात खेळाडूला सवयीचंच तेवढं आठवतं.

उरलेला महिना

पाच दिवसांनी वास्कोकडून ०-१. ९ नोव्हेंबरला ग्रेमिओविरुद्ध घरचं मैदान संगीताच्या कार्यक्रमाला दिलेलं, म्हणून सामना वास्कोच्या साओ जानुआरिओ मैदानावर. बोताफोगो ३-१ पुढे. मग लुईस सुआरेस. छत्तिसाव्या वर्षी, दुखऱ्या गुडघ्यावर, त्याने उत्तरार्धात तीन गोल मारले आणि ग्रेमिओ ४-३ जिंकलं. आठ दिवसांत दुसऱ्यांदा तोच आकडा. ब्रागांतिनोशी २-२ झाल्यावर पाल्मेइरासने पहिलं स्थान घेतलं.

लुसिओ फ्लाव्हिओंच्या आठ सामन्यांत २४ पैकी ८ गुण. आता पाच सामने उरलेले असताना टियागो नुनेस यांना आणलं गेलं. त्यांच्या हाताखाली फोर्तालेझा, सांतोस, कोरितिबा, क्रुझेरो अशा चार सलग बरोबरी आणि शेवटी इंटरनॅसिओनालकडून १-३. १५ पैकी ४ गुण. सांतोसने घरच्या मैदानावर शेवटच्या मिनिटांत बरोबरी साधली. कोरितिबा तर आधीच खालच्या दर्जात गेलेला संघ. तिथे टिकिन्योने भरपाई वेळेत पेनल्टीवर गोल केला, खेळाडू एकमेकांच्या अंगावर पडले, आणि खेळ पुन्हा सुरू होताच कोरितिबाच्या एदूने बरोबरी केली. या महिन्यात दडपण होतं, हे मी पूर्ण मान्य करतो. त्या संघातल्या कुणाच्याही चेहऱ्यावर ते वाचता येत होतं.

हिशोब मांडून

शेवटचा तक्ता असा : पाल्मेइरास ७०, ग्रेमिओ ६८, अ‍ॅटलेटिको मिनेरो आणि फ्लामेंगो ६६, बोताफोगो ६४.

पाल्मेइरासविरुद्धची ती रात्र हीच विजेतेपद गमावल्याची रात्र, असं सगळे म्हणतात. गणित तसं सांगत नाही. ती ३-० आघाडी टिकली असती, तर बोताफोगो ६७, पाल्मेइरासही ६७, आणि ६८ गुणांवर ग्रेमिओ विजेता ठरला असता. बोताफोगोला त्या एका सामन्याशिवाय आणखी काहीतरी वाचवणं भाग होतं. ग्रेमिओविरुद्धची ३-१ आघाडीही टिकली असती, तर बोताफोगो ७०, पाल्मेइरास ६७, ग्रेमिओ ६५. किंवा पाल्मेइरासच्या विजयाबरोबर सांतोस आणि कोरितिबाविरुद्धचे शेवटच्या क्षणांचे दोन गोल टळले असते, तर ७१. म्हणजे एकाच सामन्याच्या डोक्यावर खापर फोडता येत नाही. शेवटच्या अकरा सामन्यांत पाल्मेइरासने ३३ पैकी २६ गुण घेतले आणि बोताफोगोने ६. दोन्हीपैकी एकच गोष्ट घडली असती तरी निकाल वेगळा दिसला असता.

तुलनेसाठी २०१७चा कोरिंथियन्स संघ बघण्यासारखा आहे. त्यांनीही पहिल्या फेरीत नेमके ४७ गुण मिळवले होते. परतीच्या फेरीत तेही घसरले, बऱ्यापैकी घसरले : फक्त २५ गुण. तरी ७२ गुणांनी ते आरामात विजेते झाले. त्यांच्याकडे अख्खा हंगाम एकच प्रशिक्षक होता, फाबिओ कारिल्ये, आणि वाईट दिवसांतही काय करायचं ते संघाला ठाऊक होतं. बोताफोगोला परतीच्या फेरीत २५ मिळाले असते, तर त्यांचेही ७२ झाले असते. घसरण मोठ्या आघाडीवरच्या कुणाचीही होते. तिला तळ लागतो का, हा खरा प्रश्न आहे.

कास्त्रोंना अडवता आलं असतं का? सौदी पैशापुढे बहुधा नाही. पण टेक्स्टरकडे चार देशांत क्लबांचं जाळं होतं. कसापा जिंकत असताना त्यांनाच ठेवणं, किंवा कास्त्रोंच्या पद्धतीशी जुळणारा माणूस निवडून त्याला डिसेंबरापर्यंत अभय देणं, यातलं एकही झालं नाही. लाज यांना वेळ दिला नाही, लुसिओ फ्लाव्हिओंवर झेपणार नाही एवढं ओझं टाकलं, आणि नुनेस यांना अशा वेळी बोलावलं जेव्हा सरावाला पुरेसे दिवसच उरले नव्हते.

मालकाचा आरोप

१ नोव्हेंबरच्या रात्री टेक्स्टर मैदानात उतरून कॅमेऱ्यांसमोर ओरडला, की हा भ्रष्टाचार आहे, ही चोरी आहे, आणि ब्राझीलच्या फुटबॉल महासंघाच्या अध्यक्षांनी राजीनामा द्यावा. शिस्तपालन न्यायालयाने त्याला निलंबित केलं. पुढच्या वर्षी सिनेटच्या चौकशी समितीसमोरही त्याने सामने ठरवून खेळवल्याचा दावा मांडला. तो सिद्ध झाला नाही. लाल कार्डाबद्दल मतभेद असू शकतात, माझ्याही मते ते कडक होतं. पण हुकलेली पेनल्टी आणि दहा जणांची विस्कटलेली रचना यांचा पंचांशी काही संबंध नव्हता. मालक जेव्हा जाहीरपणे सांगतो की विजेतेपद चोरलं जातंय, तेव्हा उरलेले सामने खेळायचे असलेल्या खेळाडूंना तो एक सबब हातात देतो. त्या आठवड्यात टेक्स्टरने सर्वांत मोठं नुकसान स्वतःच्या संघाचं केलं.

२०२४

पहिल्या चारांत जागा न मिळाल्यामुळे बोताफोगोला पुढच्या वर्षीच्या लिबर्टाडोरेसमध्ये पात्रता फेऱ्यांपासून सुरुवात करावी लागली. नुनेस फेब्रुवारीत गेले. एप्रिलमध्ये पोर्तुगालच्या ब्रागाहून आर्तुर जॉर्ज आले. थिआगो अल्माडा, लुईस हेन्रिके, इगोर जेझूस, साव्हारिनो असे मोठे खेळाडू आले. पैसा ओतला गेला हे नाकारायचं कारण नाही. पण हंगामाच्या अखेरपर्यंत या वेळी माणूस एकच राहिला.

नोव्हेंबरात पुन्हा तेच सुरू झालं. कुइआबा, अ‍ॅटलेटिको मिनेरो, व्हितोरिया, तीन सलग बरोबरी, आणि पाल्मेइरासने गाठलं. २६ नोव्हेंबरला पाल्मेइरासच्या मैदानावर सामना होता. बोताफोगो ३-१ जिंकलं. तिसरा गोल लियोंहून परतलेल्या आद्रिएल्सनचा. चार दिवसांनी ब्युनोस आयर्समध्ये लिबर्टाडोरेसचा अंतिम सामना. पहिल्याच मिनिटाला ग्रेगोरेला लाल कार्ड. अख्खा सामना दहा जणांनी खेळून बोताफोगोने अ‍ॅटलेटिको मिनेरोला ३-१ हरवलं. त्या सामन्याचं चित्रण वर्षापूर्वीच्या १ नोव्हेंबरच्या शेजारी ठेवून बघावं. एक जण कमी झाला, की कोण कुठे सरकतो ते पहिल्या पाच मिनिटांत दिसतं. मधलं रान कुठेही मोकळं नाही. ८ डिसेंबरला साओ पावलोला २-१ हरवून ७९ गुणांसह लीगही जिंकली.

महिन्याभरात आर्तुर जॉर्ज कतारच्या अल रय्यानकडे गेले, आणि नव्या हंगामाच्या तोंडावर बोताफोगो पुन्हा प्रशिक्षक शोधू लागलं.